गल्लीतल्या वीस दुकानांनी मिळून हॉस्पिटलचा रेट का विचारू नये?

मागच्या व्हिडिओत आपण दुकानाच्या महिन्याच्या खर्चाचा तक्ता केला. भाडं, लाईट बिल, पगार, हमाली, टेम्पो, चहापाणी सगळं मांडलं. एक रकाना मी मुद्दाम सोडला होता, कारण तो दोन मिनिटांत सांगून होणारा नाही. स्टाफचं आजारपण. आपण धंदेवाले हा खर्च धरतच नाही. आला की गल्ल्यातून काढतो, आणि महिना संपला की म्हणतो, यार, या महिन्यात पैसा गेला कुठे?

माझाच किस्सा सांगतो. भायखळ्यात आमचं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी, जुलै महिना, धो धो पाऊस. आमच्याकडचा एक पोरगा, वय बावीस, तापाने फणफणला. दोन दिवस मेडिकलमधून गोळ्या आणून घेतल्या. तिसऱ्या दिवशी रात्री दुकानातच चक्कर येऊन पडला. रात्रीचे साडेनऊ. मी घाबरलो, टॅक्सी केली आणि जवळच्या एका नर्सिंग होमला घेऊन गेलो. डेंग्यू निघाला. आत जायच्या आधीच २५,००० डिपॉझिट. पाच दिवसांनी पोरगा चालत बाहेर आला, बिल ७२,०००.

निम्मे मी दिले. उरलेले ३६,००० त्याच्या नावावर ॲडव्हान्स लिहिले आणि महिन्याला २,००० पगारातून कापायला लागलो. तेव्हा मला वाटलं, मी फार चांगला मालक आहे, निम्मं बिल भरलं! सहा महिने कापले. सातव्या महिन्यात तो गावी गेला तो आलाच नाही. २४,००० अजून वहीत आहेत. पण पैसे गेले त्यापेक्षा माणूस गेला याचं नुकसान जास्त झालं. चार वर्षं शिकवलेला पोरगा, कुठल्या गिऱ्हाइकाला कुठली पिशवी लागते हे त्याला तोंडपाठ. आणि खरं सांगू का, चूक त्याची नव्हती. पंधरा हजारांत दोन हजार कापले जात असतील तर तोही बाहेर नोकरी शोधणारच.

खरा धक्का नंतर बसला. आमच्यापासून चार दुकानं सोडून एक चाचा आहेत, डिस्पोजेबल प्लेट-ग्लासवाले. एकदा चहा पिताना विषय निघाला. ते म्हणाले, "मेरेवाले का भी वहीं किया था, उसी हफ्ते. इकतालीस में हो गया." तेच नर्सिंग होम, तोच आठवडा, तोच आजार, माझं बिल ७२ आणि त्यांचं ४१. आता कोणी म्हणेल, तुमच्या पोराचे प्लेटलेट जास्त उतरले असतील, एक-दोन दिवस जास्त ठेवावं लागलं असेल. असेलही. मी त्या नर्सिंग होमला चोर म्हणत नाही. मुद्दा असा की मला विचारायचीच अक्कल नव्हती. मी कागदी पिशवीच्या गठ्ठ्याला पन्नास पैशांनी रेट वाढला तर तीन होलसेलरना फोन लावतो. ७२,००० मात्र एक प्रश्न न विचारता भरले.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की स्टाफच्या आजारपणाचा खर्च एकट्या दुकानदाराला झेपणारा नाही, आणि तो एकट्याने सांभाळायचाही नाही. गल्लीने मिळून सांभाळायचा. नुसती पॉलिसी घेऊन नाही, तर मिळून पैसा गोळा करून, मिळून रेट ठरवून, आणि कुठे उपचार बरे होतात हे एकमेकांना सांगून.

हे काही मी अमेरिकेतून आणलेलं खूळ नाही. आपल्याच भागात फिरून बघा. भायखळ्याला रेल्वेचं मोठं हॉस्पिटल आहे, बाबासाहेब आंबेडकर मेमोरियल. का आहे? कारण रेल्वे हा एकच प्रचंड मालक आहे, त्याला स्वतःचं हॉस्पिटल परवडतं. जे. जे. हॉस्पिटल उभं राहिलं ते जमशेटजी जीजीभॉय या व्यापाऱ्याच्या देणगीतून, १८४५ साली. एका मोठ्या शेठचं दातृत्व. पुढे परळला गेलात तर महात्मा गांधी स्मारक रुग्णालय, ते ईएसआयचं. तिथे गिरणीमालकांचा आणि गिरणी कामगारांचा दोघांचा पैसा, कायद्याने गोळा केलेला. ही तिन्ही हॉस्पिटलं एकमेकांपासून फार लांब नाहीत. मोठा मालक, दानशूर शेठ आणि सरकारी कायदा, या तिघांनी आपापली सोय केली. आपण दुकानदार या तिन्हींत कुठेच बसत नाही. तीन माणसं ठेवणाऱ्याला हॉस्पिटल बांधता येत नाही, आणि देणगी देण्याएवढे आपण मोठे नाही.

पण चौथा एक प्रकार आहे आणि तो आपल्यासारख्यांनाच जवळचा आहे. माथाडी बोर्ड.

तुमच्यापैकी जे मशीद बंदरला किंवा वाशीच्या मार्केटला माल घ्यायला जातात त्यांना माथाडी माहीत आहेत. पण बोर्ड कसं चालतं हे बहुतेकांना माहीत नसतं. पूर्वी हमालाचा प्रश्न असा होता की त्याला मालकच नाही. सकाळी एका गाळ्यावर पोती उतरवली, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. पाठ मोडली तर कोण बघणार? प्रत्येक शेठ म्हणणार, हा माझा माणूस नाही. अण्णासाहेब पाटलांनी ही माणसं एकत्र केली, लढा दिला, आणि १९६९ साली महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. किराणा, लोखंड, कापड अशा धंद्यांची वेगवेगळी बोर्डं झाली. बोर्डावर मालकांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी आणि सरकारची माणसं. मालकाने मजुरी थेट टोळीच्या हातात द्यायची नाही, बोर्डात भरायची, आणि वर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार आणि औषधपाणी. कोपरखैरण्याला माथाडी हॉस्पिटल उभं आहे ते यातूनच.

आता यातली धंद्याची गोष्ट बघा. ते व्यापारी एकमेकांचे मित्र होते का? अजिबात नाही. एकाच मार्केटमध्ये समोरासमोर बसून एकमेकांचं गिऱ्हाईक ओढणारे लोक. तरी हमालाच्या आरोग्याचा पैसा एका पेटीत जातो, कारण सोय दुकानाला जोडलेली नाही, मार्केटला जोडलेली आहे. हमाल या गाळ्यावरून त्या गाळ्यावर गेला तरी त्याचं खातं तिथेच. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माथाडी पद्धतीत सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. खोट्या संघटना, काम न करता पैसे मागणारे, या तक्रारी तुम्ही ऐकल्या असतील, मीही ऐकल्या आहेत. आणि ही गोष्ट व्यापाऱ्यांनी हौसेने केलेली नाही, कायद्याने आणि आंदोलनाने करायला लावली. ते मान्य. पण चालू शकतं एवढं तर सिद्ध झालं.

आता उलटं उदाहरण. २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेत तीन अवाढव्य कंपन्यांनी हेच जाहीर केलं. ॲमेझॉन, वॉरन बफेट यांची बर्कशायर हॅथवे आणि जेपी मॉर्गन बँक. तिघांची मिळून बारा लाखांच्या आसपास माणसं. म्हणाले, आम्ही एकत्र येऊन आमच्या कर्मचाऱ्यांच्या उपचाराचा खर्च कमी करू आणि दर्जा सुधारू. पुढे त्याला 'हेवन' असं नाव दिलं. प्रमुख कोण, तर डॉ. अतुल गवांदे, सर्जन आणि नावाजलेले लेखक. त्यांचं कुटुंब मूळचं आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचं. म्हणजे पैसा होता, माणसं होती, डोकं होतं. मे २०२० मध्ये गवांदे प्रमुखपदावरून बाजूला झाले आणि २०२१ च्या फेब्रुवारीत हेवनने शटर ओढलं.

कारणांवर खूप लिहिलं गेलं. मला धंदेवाला म्हणून एक कारण पटतं. बारा लाख माणसं होती, पण सगळ्या देशभर विखुरलेली. एखाद्या शहरातल्या हॉस्पिटलसमोर जाऊन "आमची एवढी माणसं तुमच्याकडे येतात, रेट नीट लावा" असं म्हणायला त्या एका शहरात पुरेशी माणसं हवीत ना? हॉस्पिटल काही कुरियरने येत नाही. आजारी माणूस जवळच्याच हॉस्पिटलला जातो. शिवाय तिघेही आपापल्या कंपनीत आपापले प्रयोग करत राहिले, असंही वाचलं.

आता आपली गल्ली घ्या. वीस दुकानं, साठेक माणसं. बारा लाखांपुढे साठ म्हणजे काहीच नाही. पण ही साठही माणसं आजारी पडली तर एक-दीड किलोमीटरच्या आतल्या त्याच दोन-चार ठिकाणी जाणार. त्या नर्सिंग होमच्या दृष्टीने साठ माणसं आणि त्यांची कुटुंबं म्हणजे कायमचं गिऱ्हाईक आहे. वीस खाटांच्या नर्सिंग होमसमोर आपलं वजन बरंच आहे. हे आपल्याला कळत नाही, कारण आपण तिथे एकेकटे जातो, आणि तेही रात्री साडेनऊला, घाबरलेल्या चेहऱ्याने.

म्हणून पहिली गोष्ट, रेट आधी विचारा. कोणी आजारी नसताना. आम्ही हे केलं, सुरुवातीला तिघांनीच. मी, चाचा आणि समोरचे हार्डवेअरवाले काका. दुपारी तीनला, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा, दोन नर्सिंग होम आणि एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेलो. एका जागी काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "पेशंट कुठाय?" म्हटलं पेशंट नाही, रेट विचारायचाय. त्यांना वाटलं आम्ही कुठल्या पक्षाचे. पण दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर स्वतः येऊन बसले, चहा मागवला. जनरल वॉर्डचा दिवसाचा रेट, डॉक्टरची व्हिजिट, सलाईन, सीबीसी, डेंग्यूची टेस्ट, सोनोग्राफी, हर्निया आणि अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा अंदाज, सगळं कागदावर लिहून दिलं. वर म्हणाले, गल्लीच्या मंडळाचं पत्र आणलंत तर डिपॉझिट निम्मं करतो. कोणी भीक मागितली नव्हती की धमकी दिली नव्हती. फक्त तिघं मिळून गेलो होतो. आणि हे माहीत असू द्या, महाराष्ट्रात नर्सिंग होमने दरपत्रक आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दिसेल अशी लावायची हा नियम आहे, २०२१ साली सुधारलेल्या नियमांत आहे. त्यामुळे रेट विचारताना लाजायचं काही कारण नाही.

दुसरी गोष्ट, वही. एक साधी वही गल्लीची. कुठल्या दुकानाचा माणूस हे लिहायची गरज नाही आणि माणसाचं नाव तर अजिबात लिहायचं नाही, आजार ही त्याची खासगी गोष्ट आहे. फक्त एवढंच: कुठे नेलं, कशासाठी, किती दिवस ठेवलं, किती बिल झालं, महिन्याभरात पुन्हा न्यावं लागलं का, आणि आधी सांगितलेला आकडा आणि शेवटचं बिल यात फरक किती. अमेरिकेत मोठ्या मालकांनी २००० साली लीपफ्रॉग नावाचा गट काढला, ते हॉस्पिटलांकडून सुरक्षिततेची माहिती मागवतात आणि २०१२ पासून शाळेसारखे ए ते एफ ग्रेड देतात. आपल्याला ग्रेड द्यायचे नाहीत, तेवढी आपली लायकीही नाही. डॉक्टर बरा की वाईट हे दहा केसेसवरून ठरत नाही. पण एखाद्या ठिकाणी दर वेळी सांगितलेल्या आकड्याच्या दीडपट बिल होतं, हे वहीत पाच ओळी भरल्या की दिसायला लागतं. स्वस्त म्हणजे चांगलं असंही धरू नका. लवकर घरी पाठवलं आणि चार दिवसांत पुन्हा उचलून न्यावं लागलं, तर ते महागच पडलं.

इथे थोडं बाजूला जाऊन एक बोलतो. आपण जे. जे. आणि नायर ही नावं घेतली की नाक मुरडतो. गर्दी आहे, लाइन आहे, मान्य. पण गंभीर केसमध्ये तिथल्या डॉक्टरांचा हात जेवढ्या केसेसवरून गेलेला असतो तेवढा कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये नसतो. मी त्या रात्री पोराला जे. जे.ला का नेलं नाही? खरं उत्तर असं की मला रात्रभर तिथे थांबायचं नव्हतं. सकाळी दुकान उघडायचं होतं. गल्लीत आळीपाळीने एक माणूस सोबत थांबायचा नियम असता, तर मी दहा मिनिटांत जे. जे.ला पोचलो असतो आणि ७२,००० वाचले असते. मिळून करायचं म्हणजे फक्त पैसा मिळून काढायचा असं नाही.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि इथेच सगळे बिचकतात.

आधी जे आयतं आहे ते घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत कव्हर आहे आणि महाराष्ट्रातली सगळी रेशन कार्डं त्यात धरली आहेत. युपी-बिहारच्या पोरांकडे इथलं रेशन कार्ड नसतं, पण गावाकडे आयुष्मान कार्ड निघत असेल तर ते यादीतल्या हॉस्पिटलमध्ये इथेही चालतं. धर्मादाय हॉस्पिटलांमध्ये १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या असतात. निर्धनसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १,८०,००० आहे, दुर्बलसाठी ३,६०,०००. महिना १५,००० पगार घेणारा एकटा कमावता पोरगा बरोबर त्या रेषेवर बसतो! पण उत्पन्नाचा दाखला आजारी पडल्यावर काढायला गेलात तर काही उपयोग नाही. एक रविवार काढा, गल्लीतल्या सगळ्या पोरांचे कागद बघा. आमच्याकडे निम्म्या लोकांच्या आधारवरचा मोबाईल नंबरच बंद होता.

मग ईएसआय. हे नाव काढलं की दुकानदाराच्या कपाळाला आठी पडते. हिशोब बघा. १५,००० पगारावर मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ४८७ रुपये ५० पैसे, कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे ११२ रुपये ५० पैसे. एकूण ६००. त्यात माणसाचं आणि त्याच्या कुटुंबाचं औषधोपचार, आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी, बाईमाणसाला बाळंतपणाची रजा. महिना २१,००० पर्यंतच्या पगाराला ही योजना आहे. दहा माणसं असली की सक्ती, आणि दहापेक्षा कमी असतील तरी मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असतील तर स्वतःहून जोडून घेता येतं, तशी तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तुमच्या कन्सल्टंटला हे नक्की विचारा. ६०० रुपयांत एवढं कुठली खासगी कंपनी देणार नाही.

"पण ईएसआयच्या दवाखान्यात कोण जातं?" हे मला दर बॅचमध्ये ऐकायला मिळतं. माझा उलटा प्रश्न असतो: तुम्ही पैसे भरता ना, मग कधी विचारलंत का दवाखान्यात डॉक्टर किती वाजता येतो? ईएसआयच्या महामंडळावर कायद्याने मालकांचे दहा प्रतिनिधी आणि कामगारांचे दहा प्रतिनिधी असायचे. मालकांच्या त्या खुर्च्यांवर आपल्यासारखा चार माणसांचा दुकानदार कधी दिसला? आपण वर्गणी भरायची आणि मंडपात यायचंच नाही, मग मूर्ती कशी बसवली यावर कुरकुर करायची, असं चाललंय. लालबागच्या शेजारी राहून एवढं तरी आपल्याला कळायला हवं. गल्लीच्या मंडळाच्या लेटरहेडवर एक तक्रार गेली तर तिला उत्तर द्यावं लागतं. एकट्याच्या तक्रारीला कोणी विचारत नाही.

ज्यांना ईएसआय नको किंवा पगार २१,००० च्या वर आहे, त्यांच्यासाठी ग्रुप पॉलिसी. बऱ्याच कंपन्या सात माणसांपासून मालक-कामगार ग्रुप घेतात. आपल्याकडे तीन माणसं, म्हणून आपण बाहेर. वीस दुकानं मिळून साठ होतात. पण एक अडचण आहे: नुसता विमा घेण्यासाठी बनवलेला ग्रुप चालत नाही, तसा नियम आहे. व्यापारी मंडळ आधीपासून, दुसऱ्या कामासाठी, खरोखर चालू असलं पाहिजे. म्हणून तुमच्या गल्लीत मंडळ नसेल तर आज नोंदणी करा, कचरा, पार्किंग, फुटपाथ, कामं काय कमी आहेत का? आणखी एक बारीक गोष्ट, वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, ग्रुप पॉलिसीवर १८ टक्के आहेच. कोटेशन घेताना टॅक्ससकट आकडा विचारा.

समजा माणसामागे महिना ३०० रुपये काढले. साठ माणसांचे १८,०००, वर्षाचे २,१६,०००. मालकाचे २५०, माणसाचे ५०. त्याचे ५० घ्यायचेच, मग त्याला ती सोय स्वतःची वाटते आणि तो प्रश्न विचारायला लागतो. यातला मोठा भाग पॉलिसीला, थोडा मदत निधीला, म्हणजे डिपॉझिट, टेस्ट, टॅक्सी. मोठ्या बिलाची हमी मात्र गल्लीने स्वतःच्या खिशातून देऊ नका. एखाद्या वर्षी दोन हार्टच्या केस आल्या की पेटी रिकामी, आणि मग एकमेकांची डोकी फुटतील. मोठी जोखीम विमा कंपनीवर किंवा ईएसआयवर, छोटी गल्लीवर. आणि कोणाला मदत द्यायची हे एका शेठने ठरवायचं नाही. अन्नपूर्णा परिवार नावाची पुणे-मुंबईतली संस्था छोटा धंदा करणाऱ्या बायकांचा आरोग्य निधी चालवते, तिथे कुठला क्लेम मंजूर करायचा हे सदस्य बायकाच बसून ठरवतात. मुळात ही अन्नपूर्णा आपल्याच गिरणगावची, १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून महिला मंडळ काढलं, तिथून आलेली. भाकरी थापणाऱ्या बायकांना जे जमलं ते आपल्याला, जीएसटी रिटर्न भरणाऱ्यांना, जमणार नाही?

आमच्या गल्लीत हे सगळं जमलंय का? नाही. खोटं का बोलू. पहिल्या मीटिंगला वीसपैकी बारा आले, दुसऱ्या मीटिंगला नऊ.

सगळ्यात जोरात विरोध मोबाईल ॲक्सेसरीजवाल्याने केला. म्हणाला, "भाऊ, माझा पोरगा सहा महिने टिकत नाही. मी त्याचा प्रीमियम भरू आणि तो तुझ्याकडे येऊन बसेल." मला राग आला, पण प्रश्न बरोबर होता. उत्तर माथाडीतच आहे. सोय दुकानाला नको, गल्लीला जोडा. पोरगा त्याच्याकडून माझ्याकडे आला तर त्याचं कव्हर तसंच राहील आणि त्या महिन्यापासून त्याचे २५० मी भरीन. गल्ली सोडून गेला तर नाव कमी, नवीन आला तर नाव वाढवा, ग्रुप पॉलिसीत वर्षाच्या मध्ये अशी नावं कमी-जास्त करता येतात. उलट मला वाटतं, कव्हर गल्लीचं असलं की पोरं गल्ली सोडत नाहीत. आज माझ्याकडे, उद्या त्याच्याकडे, पण कामाला शिकलेला माणूस इथेच.

दुसरा प्रश्न हार्डवेअरवाल्या काकांचा होता. काका गेली पंधरा वर्षं गल्लीची भिशी चालवतात, एक रुपया इकडेतिकडे नाही. ते म्हणाले, "भिशीत माणसाला माहीत असतं, आपला नंबर येणार. इथे नंबर आला नाही तर तो म्हणणार पैसे फुकट गेले." हे एकदम खरं आहे. भिशीत आपण नंबराची वाट बघतो, इथे नंबर येऊ नये अशी प्रार्थना करायची. हे लोकांना कसं पटवायचं यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. काकांनीच एक तोडगा सुचवला, की मदत निधीत वर्षाअखेर जे उरेल त्यातून सगळ्या पोरांची आणि मालकांची रक्ततपासणी करून टाकायची, म्हणजे प्रत्येकाला काहीतरी हातात मिळेल. लॅबवाला साठ-ऐंशी माणसांसाठी रेट पाडून देतो म्हणालाय. मालकांची पण, हे महत्त्वाचं. आम्ही चौघंजण शुगरचे आहोत आणि तपासायला कोणी जात नाही.

आत्ता एवढंच पक्कं झालंय: रेटचा कागद फोटो काढून ग्रुपवर आहे, वही चाचांच्या गल्ल्याखाली आहे, नऊ दुकानं २५० भरायला तयार आहेत, कोटेशन दोन कंपन्यांकडून मागवलंय. मोबाईलवाला म्हणतो, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर लग्नसराई येते, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

हॉस्पिटलला जाताना आम्ही प्रश्नांचा जो कागद नेला होता तो पुढच्या व्हिडिओत दाखवतो, तसाच्या तसा उतरवून घ्या. तोवर तुमच्या शेजारच्या दोन दुकानदारांना एवढंच विचारा, शेवटचं बिल किती झालं होतं आणि कुठे.